आधी माटुंगा, मग सॅलफर्ड: रघुनाथ माशेलकर यांच्या परदेशी वाटचालीतील क्रमाचा अभ्यास

अभियांत्रिकीच्या तिसऱ्या वर्षापासूनच आपल्याकडच्या घरांत परदेशी शिक्षणाची चर्चा सुरू होते आणि ती बहुतेक वेळा एकाच प्रश्नाभोवती फिरत राहते: कुठे जायचे. देश कोणता, विद्यापीठ कोणते, जागतिक क्रमवारीत त्याचा क्रमांक कितवा, कर्ज किती काढावे लागेल आणि ते किती वर्षांत फिटेल, याची कोष्टके वहीत मांडली जातात. कधी जायचे, म्हणजे कोणती तयारी पदरात घेऊन जायचे, हा प्रश्न मात्र क्वचितच निघतो, कारण पदवी हातात पडली की निघायचे हे सर्वांनी गृहीतच धरलेले असते. रसायन अभियंते रघुनाथ अनंत माशेलकर यांची १९६६ ते १९७६ या दहा वर्षांतील वाटचाल मी या दुसऱ्या प्रश्नासाठी अभ्यासाला घेतली आहे. त्यांची नंतरची पदे आणि पद्म सन्मान मराठी वाचकांना चांगले ठाऊक आहेत. त्यांतले काहीही पदरात नसताना एका तरुण अभियंत्याने कोणती गोष्ट आधी केली आणि कोणती नंतर, एवढ्यापुरताच हा विचार आहे.

घरची परिस्थिती

माशेलकरांचा जन्म १ जानेवारी १९४३ रोजी गोव्यातील फोंडा तालुक्यातल्या माशेल गावी झाला. गोवा तेव्हा पोर्तुगीज अमलाखाली होता. वडील लवकर गेले आणि आई अंजनीताई मुलाला घेऊन मुंबईला गिरगावात आल्या. मोलमजुरीची कामे करून त्यांनी मुलाला शिकवले. माध्यमिक शाळेत प्रवेशासाठी लागणारे २१ रुपये उभे करायला आईला २१ दिवस लागले, हे माशेलकरांनी स्वतः अनेकदा सांगितले आहे. युनियन हायस्कूलमध्ये भावे सरांनी बहिर्गोल भिंगाने सूर्यकिरण एकवटून कागद जाळून दाखवला, ही आठवणही त्यांच्या भाषणांतून पुष्कळांनी ऐकली असेल. शालान्त परीक्षेत ते महाराष्ट्रात अकरावे आले, सर दोराबजी टाटा ट्रस्टची दरमहा ६० रुपयांची शिष्यवृत्ती मिळाली, आणि जयहिंद महाविद्यालयातून ते माटुंग्याच्या रासायनिक तंत्रज्ञान विभागात, म्हणजे ‘यूडीसीटी’त, दाखल झाले. १९६६ साली ते रसायन अभियांत्रिकीचे पदवीधर झाले.

ते साल लक्षात ठेवण्याजोगे आहे. ६ जून १९६६ रोजी रुपयाचे अवमूल्यन झाले आणि ४ रुपये ७६ पैशांना मिळणारा डॉलर एका दिवसात साडेसात रुपयांचा झाला. स्वतःच्या पैशाने परदेशी शिकणे मध्यमवर्गीय घरालाही जिथे अशक्य होते, तिथे गिरगावच्या चाळीतल्या घराचा प्रश्नच नव्हता. तरीही वाट पुरती बंद नव्हती. अमेरिकन विद्यापीठे हुशार भारतीय अभियंत्यांना साहाय्यवृत्ती देत होती, आणि १९६५ च्या कायद्याने तिथल्या स्थलांतराचे जुने वांशिक निर्बंधही सैल होऊ लागले होते. अशा वेळी माशेलकरांनी माटुंग्यातच पीएच.डी.साठी नाव नोंदवले. त्याचे कारण त्यांच्या मार्गदर्शकांत सापडते.

केंब्रिजहून परतलेला सत्तावीस वर्षांचा प्राध्यापक

यूडीसीटीची स्थापना मुंबई विद्यापीठाने १ ऑक्टोबर १९३३ रोजी केली. कापड, रंग आणि औषधे यांच्या कारखानदारीला लागणारी माणसे तयार करणे हा तिचा मूळ हेतू होता आणि संशोधनाची परंपरा तिथे पहिल्या पिढीपासून रुजली होती. त्या विभागात १९६४ साली मनमोहन शर्मा प्राध्यापक म्हणून आले तेव्हा ते अवघे २७ वर्षांचे होते. मूळचे जोधपूरचे असलेले शर्मा यूडीसीटीचेच विद्यार्थी होते. पदवी आणि पदव्युत्तर पदवी इथे घेऊन ते केंब्रिजला गेले, पीटर डँकवर्ट्स यांच्या हाताखाली पीएच.डी. झाले आणि लगेच परतले.

डँकवर्ट्स यांच्याबद्दल थोडे विस्ताराने सांगायला हवे. दुसऱ्या महायुद्धात लंडनवर पडलेले, न फुटलेले सुरुंग निकामी करण्याच्या कामाबद्दल त्यांना जॉर्ज क्रॉस हा शौर्याचा सर्वोच्च नागरी सन्मान मिळाला होता. ऑक्सफर्डला रसायनशास्त्र शिकलेल्या या माणसाला युद्धानंतर रसायन अभियांत्रिकी शिकायची होती आणि त्यासाठी ते अमेरिकेला, मॅसॅच्युसेट्स इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजीला गेले. एमआयटीत घेतलेले शिक्षण डँकवर्ट्स केंब्रिजला घेऊन आले आणि केंब्रिजचे शिक्षण शर्मा माटुंग्याला घेऊन आले. माशेलकर १९६६ मध्ये संशोधनाला लागले तेव्हा त्यांच्यापर्यंत पोहोचलेली विद्या अशी दोन समुद्र ओलांडून आलेली होती, आणि ती त्यांना लोकलने माटुंगा रोडला उतरून मिळत होती. परदेशी शिक्षणाकडे आपण नेहमी जाणाऱ्याच्या बाजूने पाहतो. परत आलेला माणूस मागे राहिलेल्यांसाठी काय घेऊन येतो, हे या प्रकरणात स्वच्छ दिसते.

शर्मांनी आणलेला विषय होता वायू द्रवात कसा आणि किती वेगाने शोषला जातो, हा. कारखान्यात वायू द्रवातून बुडबुड्यांच्या रूपाने सोडतात तेव्हा दोघांचा स्पर्श जितक्या क्षेत्रफळावर होतो त्यावर सगळे अवलंबून असते, आणि हजारो लहानमोठ्या, सतत बदलणाऱ्या बुडबुड्यांचे क्षेत्रफळ मोजायचे कसे हा खरा पेच असतो. डँकवर्ट्स आणि शर्मा यांनी या पेचावर रासायनिक युक्ती विकसित केली. कार्बन डायऑक्साइड आणि अल्कली यांच्यातील अभिक्रियेचा वेग आधीच अचूक माहीत असेल, तर किती वायू शोषला गेला हे मोजून त्यावरून स्पर्शाचे क्षेत्रफळ काढता येते. या युक्तीचे आणखी एक वैशिष्ट्य मला फार महत्त्वाचे वाटते: तिला महागडे उपकरण लागत नाही. काचेचा स्तंभ, कॉस्टिक सोडा, वायूचा सिलिंडर आणि ब्युरेट एवढ्यावर उच्च दर्जाचे मापन होते. परकीय चलनाचा तुटवडा असलेल्या देशातल्या प्रयोगशाळेत कोणता विषय रुजेल याची जाण शर्मांना होती, असे त्यांच्या कामाकडे पाहताना वाटते. पुढे सुमारे सत्तर विद्यार्थी त्यांच्याकडे पीएच.डी. झाले आणि १९९० साली रॉयल सोसायटीने त्यांना आपले सदस्य निवडले, तेव्हा तो मान मिळालेले ते पहिले भारतीय रसायन अभियंते होते.

माशेलकरांनी बुडबुड्यांच्या स्तंभावर काम केले. १९६९ मध्ये ते पीएच.डी. झाले तेव्हा शर्मांबरोबरचे त्यांचे शोधनिबंध ब्रिटिश नियतकालिकांतून येऊ लागले होते. म्हणजे परदेशात पाऊल टाकण्याआधीच तिथले त्या विषयातले लोक त्यांचे नाव वाचत होते. आजच्या विद्यार्थ्याला आपला परिचय हेतुनिवेदनाच्या दोन पानांत आणि तीन शिफारसपत्रांत करून द्यावा लागतो, तिथे माशेलकरांचा परिचय त्यांच्या छापील कामाने आधीच करून दिला होता.

सॅलफर्डमध्ये काय बदलले

१९६९ मध्ये ते इंग्लंडला गेले ते लिव्हरह्यूम अधिछात्र म्हणून, आणि १९७० पासून १९७६ पर्यंत त्यांनी सॅलफर्ड विद्यापीठात अधिव्याख्याता म्हणून काम केले. सॅलफर्ड हे मँचेस्टरला खेटून असलेले गिरण्यांचे आणि गोद्यांचे शहर. जेम्स प्रेस्कॉट जूल याच गावचा. विद्यापीठ मात्र नवे होते: जुन्या तंत्रमहाविद्यालयाला राजसनद मिळून विद्यापीठाचा दर्जा १९६७ मध्ये मिळाला, माशेलकर तिथे पोहोचण्याच्या जेमतेम दोन वर्षे आधी. आजच्या क्रमवारीच्या चष्म्यातून पाहणाऱ्या पालकाने या नावावर बोट ठेवून ‘हे कुठले?’ असे विचारले असते. पण नव्या विद्यापीठात पदे भरायची असतात, विषय उभे करायचे असतात आणि तरुण माणसाला स्वतःच्या मताने काम करायला वाव असतो. पंचविशी नुकतीच ओलांडलेल्या परदेशी अभियंत्याला अधिव्याख्यातापद देण्याइतकी मोकळीक केंब्रिजसारख्या जुन्या ठिकाणी मिळाली असती का, याची मला शंका आहे.

या काळातला सर्वांत मोलाचा बदल विषयाचा आहे. सॅलफर्डला मूळचे चेकोस्लोव्हाकियाचे यारोमिर उलब्रेख्त न्यूटनेतर द्रवांवर काम करत होते आणि माशेलकर त्या कामाकडे वळले. न्यूटनच्या नियमात बसणाऱ्या द्रवाची श्यानता, म्हणजे वाहण्याला होणारा त्याचा विरोध, तुम्ही तो किती जोराने ढवळता यावर अवलंबून नसते. पाणी तसे असते आणि दाट असली तरी काकवीही बहुतांशी तशीच वागते. भिंतीला लावायचा रंग तसा वागत नाही. डब्यात तो दाट असतो, ब्रशखाली पातळ होतो आणि भिंतीवर पुन्हा दाट होऊन थांबतो. बहुवारिकांची, म्हणजे प्लॅस्टिक आणि कृत्रिम धाग्यांच्या मुळाशी असलेल्या लांब साखळीच्या रेणूंची, द्रावणे याहून विचित्र वागतात. त्यांत काठी फिरवली तर पाण्यासारखा मध्यभागी खळगा पडण्याऐवजी द्रव काठीवर चढू लागतो. असे द्रव पात्रात कसे घुसळले जातात, त्यांतून उष्णता आणि पदार्थ कसे वाहून नेले जातात, या प्रश्नांवर माशेलकर आणि उलब्रेख्त यांनी अनेक निबंध लिहिले.

इथे क्रमाचा परिणाम दिसतो. पदवीनंतर लगेच परदेशी गेलेल्या विद्यार्थ्याचा विषय बहुधा मार्गदर्शकाच्या अनुदानावरून ठरतो, आणि संशोधन कसे करावे हे शिकण्यातच त्याची पहिली तीन-चार वर्षे जातात. माशेलकर संशोधनाची पद्धत माटुंग्यात शिकून गेले होते. पदार्थाच्या वहनाचे गणित त्यांना येत होते, प्रयोगाची शिस्त अंगात होती. त्यामुळे परदेशातला काळ त्यांना पद्धत शिकण्यात घालवावा लागला नाही. तो नवा विषय आत्मसात करण्यात आणि जुन्या विषयाशी त्याची सांगड घालण्यात गेला. वायू आणि द्रव यांच्यातील वहन माटुंग्याचे, अवघड द्रवांचे वागणे सॅलफर्डचे, आणि या दोहोंच्या मिलाफातून त्यांचे स्वतःचे क्षेत्र उभे राहिले. शिवाय ते तिथे शिकवत होते, विद्यार्थ्यांना मार्गदर्शन करत होते. पगार मिळत होता, डोक्यावर कर्ज नव्हते. कर्ज असलेला माणूस पहिली मिळेल ती नोकरी धरतो आणि त्यात त्याची काही चूक नसते. कर्ज नसलेल्याला निवड करता येते.

परतीचा निर्णय

१९७६ मध्ये माशेलकर पुण्याच्या राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेत रुजू झाले. ही प्रयोगशाळा ज्या परिषदेची, त्या वैज्ञानिक आणि औद्योगिक संशोधन परिषदेचे तेव्हाचे महासंचालक यलवर्ती नायुदम्मा परदेशातील तरुण भारतीय वैज्ञानिकांना परत आणण्याच्या खटपटीत होते आणि माशेलकरांच्या परतण्यात त्यांचा वाटा मोठा होता. पाषाण रस्त्यावरच्या त्या प्रयोगशाळेचे संचालक तेव्हा बाळ दत्तात्रेय टिळक होते. टिळक हेही यूडीसीटीचे आणि ऑक्सफर्डला रॉबर्ट रॉबिन्सन यांच्याकडे काम करून आलेले. त्यांच्या आधीचे संचालक के. वेंकटरामन यांनी तर पुण्याला येण्यापूर्वी जवळजवळ दोन दशके यूडीसीटीचे नेतृत्व केले होते. म्हणजे परतणाऱ्या माणसासाठी इथे एक ओळखीची वाट होती. आपण काय शिकून आलो हे ज्यांना समजते असे लोक ती वाट धरून आधी गेलेले होते. परतलेल्या अनेकांची घुसमट पगारापेक्षा या एका गोष्टीच्या अभावाने होते, असे माझे मत आहे.

विषयालाही इथे काम मिळाले. ठाण्याला आणि त्यानंतर बडोद्याला पेट्रोरसायनांचे मोठे कारखाने उभे राहात होते. देशात प्लॅस्टिक आणि कृत्रिम धागे तयार होऊ लागले होते आणि बहुवारिकांचे वितळलेले किंवा विरघळलेले द्रव कसे वागतात हा प्रश्न केवळ पुस्तकी उरला नव्हता. माशेलकरांनी पुण्यात बहुवारिक अभियांत्रिकीचा संशोधनगट उभा केला, आणि स्वतःच्या वजनाच्या कितीतरी पट पाणी शोषणाऱ्या बहुवारिकांवर तिथे दीर्घ काम झाले. १९८२ मध्ये त्यांना भटनागर पुरस्कार मिळाला, १९८९ मध्ये ते प्रयोगशाळेचे संचालक झाले. पुढचा भाग सर्वपरिचित आहे म्हणून थोडक्यात: १९९५ ते २००६ या काळात ते परिषदेचे महासंचालक होते आणि जखमेवरील हळदीच्या उपयोगासाठी दिलेले अमेरिकन पेटंट १९९७ मध्ये परिषदेने रद्द करून घेतले ते याच काळात. १९९८ मध्ये ते रॉयल सोसायटीचे सदस्य झाले. सॅलफर्ड सोडल्यावर एकतीस वर्षांनी, २००७ मध्ये, ब्रिटनच्या रसायन अभियंत्यांच्या संस्थेचे अध्यक्षपद त्यांच्याकडे आले. पुण्यात राहून काम करणाऱ्या माणसाला ब्रिटिश अभियंत्यांनी आपला अध्यक्ष निवडावे, यात ‘परतलो तर जगाशी संबंध तुटेल’ या भीतीचे एक ठोस उत्तर आहे.

या प्रकरणावरून काय म्हणता येते आणि काय नाही

एका असामान्य माणसाच्या चरित्रावरून सर्वांसाठी नियम काढणे चुकीचे आहे. माशेलकरांच्याच पिढीतले कितीतरी बुद्धिमान अभियंते इथे पीएच.डी. करूनही योग्य जागेअभावी मागे पडले आणि त्यांची नावे आपल्याला माहीतही नाहीत. त्यामुळे ‘आधी देशात पीएच.डी. करा’ असा सरसकट सल्ला या प्रकरणातून निघत नाही. निघते ते याहून मर्यादित आहे: ज्याच्याकडे संशोधनाची पद्धत शिकता येईल असा मार्गदर्शक इथे असेल, तर परदेशाची घाई करण्याची गरज नाही, आणि असा मार्गदर्शक नसेल, तर इथे राहणे म्हणजे वर्षे वाया घालवणे होय. म्हणून संस्थेच्या नावापेक्षा माणसाचा शोध आधी घ्यावा लागतो. शर्मा १९६४ मध्ये परतले नसते, तर १९६६ च्या माशेलकरांसाठी माटुंग्यात थांबण्याचा निर्णय कदाचित चुकीचाही ठरला असता.

काळही बदलला आहे. १९६९ मध्ये तरुण परदेशी अभियंत्याला ब्रिटनमध्ये विद्यापीठीय नोकरी मिळणे आजच्यापेक्षा पुष्कळ सोपे होते, कारण नवी विद्यापीठे उघडत होती आणि ब्रिटनचे स्वतःचे शास्त्रज्ञ अमेरिकेला चालले होते. आज अमेरिकेत विज्ञान-तंत्रज्ञानाची पदवी घेतलेल्या परदेशी विद्यार्थ्याला पदवीनंतर एक वर्ष आणि वाढीव दोन वर्षे काम करता येते. त्यानंतर नोकरीसाठीच्या एच-१बी व्हिसाची सोडत लागते आणि तिची मूळ वार्षिक मर्यादा ६५,००० आणि अमेरिकन पदव्युत्तर पदवीधारकांसाठी आणखी २०,००० इतकी आहे. सोडतीत नाव न लागल्यास कितीही चांगला अभियंता परत फिरतो. कर्ज काढून, दोन वर्षांच्या पदवीवर आणि तीन वर्षांच्या मुदतीवर आयुष्याची आखणी करणाऱ्या मुलांसमोरची ही अनिश्चितता माशेलकरांसमोर नव्हती, आणि ती हलकी लेखणे अन्यायाचे होईल.

दुसऱ्या बाजूला इथल्या परिस्थितीतही फरक पडला आहे. २०१८ मध्ये सुरू झालेल्या पंतप्रधान संशोधन अधिछात्रवृत्तीत पहिल्या दोन वर्षांसाठी दरमहा ७०,००० रुपये ठरवण्यात आले आणि नेहमीची कनिष्ठ संशोधन अधिछात्रवृत्ती २०२३ पासून ३७,००० रुपये झाली. घरी पैसे पाठवणे भाग असलेल्या पदवीधराला नोकरीच्या तुलनेत ही रक्कम कमी वाटेल, आणि ती वेळेवर मिळत नाही ही संशोधक विद्यार्थ्यांची तक्रार मी गंभीर मानतो. तरीही कर्ज न काढता संशोधक होऊन, छापील काम हातात घेऊन, पीएच.डी.नंतरच्या अधिछात्रवृत्तीवर जर्मनीला किंवा अमेरिकेला जाणे ही वाट आज प्रत्यक्षात आहे. समुपदेशन केंद्रांच्या माहितीपत्रकांत ती सहसा आढळत नाही, कारण तिथे अर्ज भरून देण्याचे शुल्क कोणालाच मिळत नाही.

क्रम उलटा असूनही वाट साधल्याचे उदाहरण याच परंपरेत आहे. आशिष लेले यूडीसीटीतून पदवी घेऊन थेट अमेरिकेला डेलावेअर विद्यापीठात गेले, तिथे पीएच.डी. झाले आणि १९९३ मध्ये पुण्याच्या त्याच प्रयोगशाळेत आले. माशेलकरांबरोबर त्यांनी बहुवारिकांच्या जेलींवर आणि प्रवाहांवर काम केले. २००६ मध्ये त्यांना भटनागर पुरस्कार आणि २०१२ मध्ये इन्फोसिस पुरस्कार मिळाला आणि २०२१ पासून त्यांनी त्या प्रयोगशाळेचे संचालकपद सांभाळले. लेले आधी बाहेर गेले आणि माशेलकर आधी इथे राहिले, पण दोघांच्याही बाबतीत परतण्याच्या जागी त्यांचा विषय जाणणारी माणसे कामात गढलेली होती.